वकीलसाहेबांचा डावा पाय

मी आयुष्यात थापा पुष्कळ मारल्या. पण छापून, गठ्ठे बांधून, लालबागभर वाटलेली थाप एकच. ती एका माणसाच्या डाव्या पायाबद्दल होती. पाय माझा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

त्या माणसाचं नाव सांगत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, असं लिहिणार होतो. पण त्यांना काय आवडलं असतं हे मी कधी विचारलेलं नाही, आणि न विचारता कुणाच्या तोंडी काही घालणं हा त्यांच्या लेखी फौजदारी गुन्हा होता. तेव्हा नुसतं वकीलसाहेब म्हणू.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. रोज धरपकड व्हायची आणि आत गेलेल्यांना जामिनावर बाहेर काढायला वकील पुरे पडत नव्हते. म्हणून कोकणातल्या एका तालुक्याच्या गावाहून हे गृहस्थ चार दिवसांसाठी मुंबईला आले आणि चार वर्षं राहिले. गिरगावात आमच्या समोरच्याच बिऱ्हाडात त्यांची थोरली बहीण राहायची. सगळी चाळ तिला आक्का म्हणायची. आक्काच्या बाहेरच्या खोलीत एक खाट पडली, खाटेखाली लष्करी ट्रंक गेली, आणि पंधरा दिवसांनी बोटीनं त्यांची गावची पाटी आली. पाटीवर नाव, नावाखाली 'वकील', आणि त्याखाली 'तालुका कोर्टासमोर'. ती त्यांनी तशीच्या तशी दारावर ठोकली.

मी तेव्हा फोर्टात एका विमा कंपनीत कारकून होतो आणि गणपतीच्या मेळ्यांसाठी संवाद लिहीत असल्यामुळे स्वतःला लेखक समजत होतो. मी म्हटलं, "वकीलसाहेब, इथं समोर कोर्ट कुठाय? समोर आम्ही राहतो."

"पाटीत खोटं काय आहे?" ते म्हणाले. "माझं ऑफिस कोर्टासमोरच आहे. गावी. इथं मी पाहुणा."

त्या दिवसापासून चाळीत आमच्या घराला 'तालुका कोर्ट' म्हणायला लागले आणि आमच्या वडिलांना 'मुन्सफ'. वडील माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. पाटी त्यांची, शहाणपणा माझा, आणि शिक्षा वडिलांना, असा तो एकूण निकाल लागला.

माणूस उंच, सडपातळ, काळा कोट, काळी टोपी, आणि पायात कोर्टाला न शोभणारे जाड लष्करी बूट. लढाईच्या काळात ते फौजेत होते. परत येऊन कायदा शिकले. पण फौज काही अंगातून गेली नव्हती. पहाटे पाचला उठून घोंगडीची अशी घडी घालायचे की आक्का म्हणायची, "भाऊ, यावर पोळ्या लाटता येतील हो." दाढी पत्र्याच्या डब्यातल्या पाण्यानं, आणि तीही उभ्यानं. लहानथोर सगळ्यांना अहो-जाहो. गॅलरीत गोट्या खेळणाऱ्या पोरांना सांगायचे, "अहो, तुमची गोटी माझ्या बुटाखाली आहे, घेऊन जा." मी एकदा हसलो, तर म्हणाले, "हसू नका लेखक. यातला कोण केव्हा कशाचा साक्षीदार होईल, सांगता येत नाही."

आणि तो डावा पाय. चालताना तो जमिनीवरून अर्धं वर्तुळ काढत यायचा. जिन्यात आधी 'टक्', मग 'घस्स' असा आवाज आला की चाळीला कळायचं, वकीलसाहेब आले. त्या पायाला काय झालं होतं, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यामुळे सगळ्यांनाच ठाऊक होतं. कुणी म्हणे गोळी. कुणी म्हणे पूल कोसळला. खालच्या मजल्यावरचे एक आजोबा तर जपानी तलवारीची लांबीसुद्धा सांगायचे.

मी थेट विचारून पाहिलं. ते म्हणाले, "या मुद्द्यावर साक्षीदार उलटतपासणीला उपलब्ध नाही."

मग मी आक्काला गाठलं. ती तांदूळ निवडत होती. "मला मेलीला काय माहीत? ब्रह्मदेशातून पत्र आलं, त्यात लिहिलं होतं 'पायाला जरा लागलंय, काळजी नसावी.' आल्यावर विचारलं, तर मला म्हणतो, 'आक्का, वेळ आली की सांगेन.' तू कशाला रे एवढा मागे लागलायस? तुला कुठे त्याला मुलगी द्यायचीय?"

मला मुलगी नव्हती, माझं लग्नच झालं नव्हतं. पण मला राहवत नव्हतं, एवढं खरं.

त्यांचा एक शब्द होता. शब्द कसला, हत्यारच. "पाहिलंत?" तुम्ही त्यांना काहीही सांगा, दूध महागणार, दिल्लीवाले नमणार, तळमजल्यावरची सून माहेरी निघून गेली, ते मान किंचित तिरकी करून विचारणार, "पाहिलंत?" पाहिलं नसेल तर तो ऐकीव पुरावा. ऐकीव पुरावा त्यांच्या दारातून आत येत नसे.

या हत्यारानं माझा बळी घेतला तो दिवस सांगतो. फोर्टात मोर्चावर लाठी चालली होती. मी ऑफिसातून निघून त्या गर्दीत सापडलो आणि संध्याकाळी डोक्याला रुमाल बांधून चाळीत परतलो. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं. गॅलरीत माणसं जमली. बायकांनी हळद आणली. मी सांगितलं, "लाठी बसली." पहिल्यांदा एक लाठी सांगितली होती. कोपऱ्यावरच्या बिऱ्हाडापर्यंत पोचेतो तीन झाल्या.

टक्, घस्स. वकीलसाहेब आले. टेंगळाकडे बघत राहिले.

"मारणारा समोर होता?"

"हो."

"उजव्या हाताचा?"

"हो. म्हणजे... असावा."

"मग समोरून उजव्या हातानं घातलेली लाठी तुमच्या डाव्या बाजूला बसेल. टेंगूळ उजवीकडे आहे. आणि लाठी वरून येते, हे खालून वर गेलंय. लेखक, तुम्ही कशाच्या खाली होतात?"

शेवटी सांगून टाकलं. धावाधाव सुरू झाल्यावर मी एका इराण्याच्या हॉटेलात घुसलो होतो आणि संगमरवरी टेबलाखाली बसलो होतो. बाहेर शांत झालं असं वाटून एकदम उठलो, तो टेबलाची कड कपाळात. लाठी मी पाहिलीसुद्धा नव्हती.

सगळी गॅलरी हसली. हळद घेऊन आलेल्या बायका हळद घेऊन परत गेल्या. फक्त वकीलसाहेब हसले नाहीत. त्यांनी मला आत नेलं, खाटेवर बसवलं, कागद घेतला आणि म्हणाले, "लाठी खाल्लेले पाचशे साक्षीदार आहेत. टेबलाखालचा एकच. तिथून काय दिसलं?"

मला आधी चेष्टा वाटली. पण ते टाक दौतीत बुडवून थांबले होते. मग मी आठवायला लागलो, आणि गंमत म्हणजे पुष्कळ आठवलं. टेबलाखालून पायच दिसत होते. धावणारे पाय. एक तुटलेली कोल्हापुरी, तिच्यावरून पुढे गेलेले बूट. आणि एका बाईचे अनवाणी पाय, जोडव्यांचे, ते मात्र धावले नव्हते. गर्दी दोन्ही बाजूंनी वाहून गेली तरी ते तिथंच उभे होते. वकीलसाहेबांनी सगळं उतरून घेतलं, कोर्टातल्यासारखं मला वाचून दाखवलं आणि खाली लिहिलं, 'वाचून दाखवले, बरोबर आहे.' म्हणाले, "सही करा." मी लाजून केली नाही. टेबलाखालच्या जबानीवर कोण सही करील? त्यांनी कागद घडी करून ट्रंकेत ठेवला.

एवढ्यावर मी शहाणा व्हायला हवा होतो.

पुढे म्युनिसिपालटीच्या निवडणुका आल्या. गिरणीतल्या कितीतरी माणसांना वकीलसाहेबांनी तुरुंगातून सोडवून आणलं होतं, म्हणून लालबागच्या मंडळींनी त्यांना उभं केलं. त्यांच्या प्रचाराची धुरा तात्यांकडे होती. तात्या गिरणीत साचे चालवायचे, मूळचे मालवणकडचे, आणि आवाज असा की भोंगा बंद पडला तरी पाळी चुकणार नाही. तात्यांनी आयुष्यात पुष्कळ उमेदवार पाहिले होते, पण असा नव्हता पाहिला.

वकीलसाहेब टेबलावर घड्याळ ठेवून बरोबर सात मिनिटं बोलायचे. घोडपदेवच्या सभेत त्यांच्या आधीचा वक्ता गरजून गेला, "मुंबईतलं मूल न् मूल आज संयुक्त महाराष्ट्र मागतंय!" टाळ्या पडल्या. मग हे उभे राहिले. "मुंबईतल्या सगळ्या मुलांना मी विचारलेलं नाही. आमच्या चाळीतल्या आठांना विचारलं. सातजण हो म्हणाले. आठव्याला पतंग हवा आहे."

लोक हसले. तात्यांनी कपाळाला हात लावला. "ह्यो माणूस सोताच सोताक पाडतलो," ते माझ्या कानात म्हणाले. "लेखकानू, आता तुम्हीच कायतरी करा. एक पत्रक लिवा. असा लिवा की वाचणारो पेटूक व्हयो."

मला कुणी लेखकानू म्हटलं की माझं तारतम्य सुटतं. रविवारी सकाळी बसलो आणि एका बैठकीत पत्रक लिहिलं. त्यात चाळ होती, जामीन होते, महाराष्ट्र होता, पण पेट घेत नव्हतं. मग हात आपोआप चालला. 'ब्रह्मदेशच्या घनघोर रणात शत्रूची गोळी डाव्या पायात झेलूनही ज्यांचे पाऊल मागे हटले नाही, ते हे रणवीर वकील!' वाचून माझेच डोळे पाणावले. छापखान्यातला खिळे जुळवणारा म्हणाला, "क्या बात है," आणि 'गोळी' हा शब्द त्यानं आपणहून मोठ्या टायपात घेतला. वकीलसाहेबांना दाखवायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर, राहू दिलं.

सोमवारी सकाळच्या पाळीला गिरण्यांच्या दारांवर पत्रकं वाटली गेली. दुपारपर्यंत लालबागमध्ये पोरं डावा पाय ओढत 'वकील-वकील' खेळायला लागली. मतदानाला तीन दिवस होते. तात्यांनी मला मिठी मारली. "जितलो आपण, लेखकानू!"

संध्याकाळी लालबागच्या मैदानात शेवटची मोठी सभा होती. निघण्याआधी आम्ही दोघं आक्काकडे गेलो. वकीलसाहेब खाटेवर बसले होते. समोर पत्रक.

"लेखक, ही गोळी तुम्ही पाहिलीत?"

"नाही."

"मग?"

"सगळी चाळ म्हणते."

"सगळी चाळ म्हणजे कोण? तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी आठवून सांगितलं, "खालच्या न्हाव्यानं."

"त्याला?"

"त्याला दूधवाल्या भैयानं सांगितलं असं म्हणाला. भैयाला बहुतेक तळमजल्यावरच्या आजोबांनी."

"आजोबांना?"

आजोबांनी ते मेळ्यात ऐकलं होतं. गेल्या वर्षी चाळीच्या मेळ्यात एक लंगडा सुभेदार होता, तो डाव्या पायात गोळी लागल्याचं सांगायचा. मेळ्याचे संवाद मी लिहिले होते.

मी खाली बघितलं. तेवढ्यात आक्का चहा घेऊन आली आणि सहज म्हणाली, "अगोबाई, म्हणजे गोळी यानंच घातली होय!"

वकीलसाहेब म्हणाले, "आज सभेत दुरुस्ती करतो."

तात्या पुढे झाले. "सायबानू, मी तुमच्या पाया पडतंय. तीन दिस गप ऱ्हवा. निवडान येवा, मगे काय तां सांगा. आज सांगल्यात तर समोरचे उद्या आमका खोटारडे म्हणतले. आमच्या पोरांनी लाठ्ये खाल्ले हत."

"म्हणूनच," ते म्हणाले. "मतं पडल्यावर सांगितलं तर ती साक्ष राहत नाही, तात्या. ती नुसती आठवण होते."

तात्या चहा न घेता गेले. मी मागोमाग गेलो, कारण तिथं थांबायची मला छाती नव्हती.

मैदान भरलं होतं. मी व्यासपीठामागे, लाउडस्पीकरवाल्याशेजारी तोंड लपवून उभा राहिलो. वकीलसाहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि पत्रक उंच धरलं.

"हे पत्रक माझ्या नावानं निघालंय, तेव्हा यातली चूक माझी आहे. मला गोळी लागलेली नाही. मी खेचरांच्या तुकडीत होतो. मला खेचरानं लाथ मारली."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मैदान हसलं. असं हसलं की पुढे बसलेले मागे रेलले. कुणीतरी खिंकाळून दाखवलं. तात्यांनी डोळे मिटून घेतले.

वकीलसाहेब हसू ओसरेपर्यंत थांबले. मग आणखी थांबले. आवाज येईना. मी लाउडस्पीकरवाल्याला ढोसलं, "अरे, आवाज गेला! मशीन बघ!" त्यानं दोन वायरी हलवल्या. मी घाईत पेटीवर थाप मारली, तर सगळ्या मैदानात धाडकन् आवाज घुमला. "मशीन चालू हाय, राव," तो खेकसला. "सायबच बोलंनात."

मग ते बोलले. आवाज चढवला नाही, कधीच चढवत नसत.

"जंगलात खेचर ओरडलं की शत्रूला पत्ता लागतो. म्हणून पाठवण्याआधी डॉक्टर त्यांच्या घशातून आवाज काढून टाकत. गुंगी द्यायचे, आणि डोकं धरायला एक माणूस लागायचा. मी धरायचो. पुष्कळ धरली. त्यातलं एक शुद्धीवर आलं, उठून उभं राहिलं. त्यानं ओरडायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, वळलं, आणि लाथ मारली. नंतर मी कायदा शिकलो. बारा-तेरा वर्षं त्या खेचराची बाजू खोडून काढायचा प्रयत्न करतोय. जमलेलं नाही."

दुसरा कुणी असता तर इथून उडी मारून थेट मराठीच्या आवाजावर गेला असता. मी तर मागे उभ्या उभ्या ते वाक्य मनात लिहायलासुद्धा घेतलं होतं. त्यांनी ते म्हटलं नाही.

"पत्रकातली गोळी काढून टाका. बाकी मजकूर बरोबर आहे."

पुढच्या रांगेतला एक म्हातारा कामगार उठला. साताऱ्याकडचा असावा, मिशा पांढऱ्या. "सायेब, त्या जनावराचं नाव काय हुतं?"

"नाव ठेवायची पद्धत नव्हती. नंबर होता. एकशे सत्तावीस."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि खाली बसला. घड्याळ बघून वकीलसाहेबही बसले. सात मिनिटं झाली होती.

समोरच्या बाजूनं संधी सोडली नाही. दुसऱ्या दिवशी लालबाग-परळच्या भिंतीभिंतीवर चुन्यानं खेचरं काढलेली होती. खाली एकच ओळ: 'खेचराला मत द्या!' चेष्टा म्हणून. पण झालं उलटंच. सभेतली गोष्ट रात्रीतून खोल्याखोल्यांत पोचली होती. लोक सांगायला लागले, "मत खेचरवाल्या वकिलाला." ते ऐकून मी उड्या मारल्या. तात्यांनीसुद्धा मला माफ केलं. आपल्या उमेदवाराची निशाणी छत्री आहे, हे ओरडून सांगायचं मात्र आम्हा दोघांनाही सुचलं नाही. फुकटात मिळालेल्या खेचरांवर आम्ही इतके खूश होतो!

मतदानाच्या दिवशी ज्यांना अक्षर येत नव्हतं ते आत गेले आणि खेचर शोधायला लागले. खेचर कुठंच नव्हतं. घोडा होता. एका शिंप्याची निशाणी. तो बिचारा कुणाच्या तरी आग्रहानं उभा राहिला होता आणि घरच्यांखेरीज कुणाला मतं मागायलाही गेला नव्हता. घोड्याला इतकी मतं पडली की शिंपी घाबरून दोन दिवस दुकानात आला नाही. वकीलसाहेब पडले, आणि जितक्या मतांनी पडले त्याहून कितीतरी जास्त घोड्याकडे होती.

निकालानंतर तात्या आक्काच्या खोलीत जमिनीवर बसून हमसून रडले. "घोड्याची सगळी मता तुमची होती, सायबानू! सगळी!"

वकीलसाहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मान किंचित तिरकी केली.

"पाहिलंत?"

तात्या रडता रडता हसले. मी हसलो नाही. माझं एक पत्रक नसतं तर दुरुस्ती नसती, दुरुस्ती नसती तर खेचर नसतं, आणि खेचर नसतं तर छत्री सरळ निवडून आली असती, हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नव्हता. मी तो त्यांना बोलून दाखवला. ते म्हणाले, "लेखक, पायाचा प्रश्न मला तेरा वर्षांत कुणी विचारला नव्हता असं नाही. विचारल्यावर मी उत्तर दिलं, असं मात्र पहिल्यांदा झालं. ते तुमच्यामुळे." आणि दाढीचा डबा घासायला घेतला.

राज्य झालं. शिवाजी पार्कवर आम्ही सगळे गेलो, आक्कासुद्धा. त्यानंतर महिन्याभरात त्यांनी पाटी उतरवली. चार दिवसांचं काम संपलं होतं. भाऊच्या धक्क्यावर पाटी मी धरली होती, 'तालुका कोर्टासमोर'. बोटीत चढण्याआधी त्यांनी कोटाच्या खिशातून एक पिवळा पडलेला कागद काढून माझ्या हातात दिला. टेबलाखालची जबानी. खाली सहीची जागा रिकामीच होती. टक्, घस्स, टक्, घस्स करत ते फळीवरून वर गेले.

त्या कागदावर मी परवा सही केली. तारीख परवाचीच घातली, कारण मागची घालणं त्यांना चाललं नसतं. सही करताना वाटलं, हेही लिहून ठेवावं. यातलं खेचर मी पाहिलेलं नाही. ब्रह्मदेश पाहिलेला नाही. तो सगळा ऐकीव पुरावा आहे, वाटलं तर सोडून द्या. पण त्या संध्याकाळी, मी मशीनवर थाप मारायच्या आधी, व्यासपीठाच्या मागून मला त्यांचा चेहरा बाजूनं दिसत होता. त्यांनी बोलायला तोंड उघडलं होतं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं.

ते मी पाहिलंय.